नान्नज रस्त्याला ९ एकर मुरमाड माळ: ऑक्टोबर-नोव्हेंबरात काय येतं, गवत कापू की ठेवू, झाडं कुठली लावू?

प्रश्न : मुरमाड_९

सोलापूर-बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या अलीकडे ९ एकर जमीन आहे. दोन एकरात रब्बी ज्वारी, बाकी सात एकर पडीक माळ. मुरूम वीतभर खाली लागतो. कडेला बाभळी, हिवर, दोन-चार बोरी, ओढ्याकडे तरवड. यंदा सप्टेंबरच्या पावसानं गवत गुडघ्याच्या वर गेलंय, पुष्कळसं कुसळी आणि मारवेल. कोपऱ्यात ३० बाय ३० मीटरचं, प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं आहे.

पुढचे दोन-तीन महिने इथं पक्षी आणि इतर प्राणी नीट बघता यावेत, नोंद ठेवता यावी, अशी व्यवस्था करायची आहे. विचारायचं ते असं:

१. या दिवसांत इथं कोण येतं, कोण जातं?
२. चारा कापणारा आठवड्यात येतोय. सगळं कापून घेऊ का?
३. पक्षी वाढावेत म्हणून दोनशे झाडं लावायचा विचार आहे. ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची रोपं फुकट मिळतायत.
४. पाणी कसं ठेवायचं?

माळढोक दिसेल का, असं घरचे विचारतात, म्हणून तेही विचारून ठेवतो.

उत्तर : तरवड

तिसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण तो चुकला तर बाकीच्या तिन्ही उत्तरांना अर्थ नाही. झाडं लावू नका. ग्लिरिसिडिया तर नाहीच.

माळ म्हणजे जंगल व्हायचं राहून गेलेली जागा नव्हे. धाविक, माळटिटवी, चंडोल, डोंबारी, पखुर्डी, लावा हे सगळे जमिनीवर राहणारे, जमिनीवरच अंडी घालणारे पक्षी. चारी बाजूंना लांबपर्यंत दिसलं तरच त्यांना सुरक्षित वाटतं. मधोमध झाडं उभी राहिली की कावळे आणि शिक्रे यांना बसायला जागा होते, आणि तिथून खालची अंडी-पिल्लं हेरली जातात. शिवाय सावलीत मारवेल, पवन्या ही गवतं तग धरत नाहीत. दोनशे झाडं जगली तर पाच-सात वर्षांत तुमच्याकडे बुलबुल, साळुंक्या, होले असतील. ते सोलापुरात कुठल्याही बंगल्याच्या आवारात दिसतात. कडेच्या बाभळी, हिवर, बोरी आहेत तेवढ्या भरपूर झाल्या. वेडी बाभूळ माळात शिरली असेल तर मात्र आताच, जमीन ओली आहे तोवर, मुळासकट काढा. नुसती छाटली तर बुडापासून चौपट फुटते.

आता गवत. सगळं कापू नका, सगळं ठेवूही नका. सात एकराचे ढोबळ तीन भाग करा.

पहिला भाग, साधारण अडीच एकर, अजिबात हात न लावता उभा ठेवायचा. कुसळी-मारवेल जिथं सगळ्यात दाट आणि उंच आहे आणि जिथं माणसांची ये-जा नाही, तोच निवडा. भोवत्या (गवतावरून खालून उडत शिकार करणारे पक्षी) रात्री मुक्काम करतात तो अशाच गवतात. लाव्यांना लपायला आणि खोकडाला (माळावरच्या लहान कोल्ह्याला) शिकारीला तेच लागतं.

दुसरा भाग कापा, पण बी झडल्यावर. मारवेलचं बी ऑक्टोबरच्या मध्यापासून झडायला लागतं. आठवड्यात कापणारा येतोय म्हणता, त्याला दोन आठवडे थांबवा. चाऱ्याचा कस थोडा उतरतो हे खरं, पण हिरवं असताना कापलं तर पुढच्या वर्षी मारवेल घटतं आणि कुसळी वाढते, म्हणजे चाऱ्याचंही नुकसानच. विळा जमिनीलगत फिरवू नका, १०-१५ सेंमी बुडखा राहू द्या. कापणी मधून सुरू करून बाहेरच्या दिशेनं न्या. बाहेरून गोल गोल आत आलात तर ससे, लावे, घोरपडी मधल्या उरलेल्या पुंजक्यात अडकतात आणि शेवटच्या फेरीत विळ्याखाली येतात.

तिसरा भाग चरू द्या. मेंढ्या येत असतील तर धनगरांना नाही म्हणू नका, फक्त दिवस ठरवून घ्या: एक-दोन दिवस कळप, मग तीन आठवडे विश्रांती. धाविक आणि माळटिटवी यांना उंच गवत नकोच असतं. चरलेला, खडे दिसणारा, लेंड्यांमुळे किडे असलेला माळ त्यांना हवा.

पेटवू मात्र नका. नोव्हेंबरअखेर गवत वाळलं की रस्त्याकडून काडी पडण्याची भीती असते, म्हणून रस्त्याच्या बाजूला तीन-चार मीटरचा पट्टा खरवडून मोकळा करून ठेवा.

येणं-जाणं थोडक्यात. सप्टेंबरच्या शेवटी पहिले भोवत्या आणि धोबी. ऑक्टोबरात गप्पीदास, कृष्ण थिरथिरा, खरुची. भोरड्या तर त्याच्याही आधीपासून. चातक याच महिन्यात निघून जातो. दसऱ्याच्या सुमारास तारेवर बसलेला नीलपंख नीट पाहा: छातीवर तपकिरी आणि त्यात बारीक रेघा असतील तर आपला नेहमीचा, डोकं-छाती-पोट सलग फिकट निळं असेल तर युरोपीय नीलपंख. तो आफ्रिकेकडे जाताना फक्त सप्टेंबर-ऑक्टोबरात इथून जातो. थांबत नाही, तेव्हा तारेवरचा प्रत्येक नीलपंख तपासायचा तो याच दिवसांत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात अमूर ससाण्यांचा थवा डोक्यावरून जाऊ शकतो. त्यासाठी दुपारी अधूनमधून आभाळाकडे बघत राहणं एवढाच उपाय.

माळढोक: नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, पण आता खुद्द नान्नजलाही तो दिसण्याची आशा धरून जाऊ नये. घरच्यांना तसं सांगा. कधी दिसलाच तर वन विभागाला कळवा (हेल्पलाइन १९२६). ग्रुपवर फोटो आणि लोकेशन टाकू नका.

उत्तर : बशी_पाणवठा

पाण्याबद्दल मी लिहितो. त्याआधी शेततळं, कारण तुमच्या जमिनीवरची सगळ्यात धोक्याची जागा तीच आहे.

कागद ओला झाला की त्यावर पाय टिकत नाही. खोकड, ससा, काळविटाचं पिल्लू, मुंगूस, साप, जे कोणी पाण्यासाठी उतरेल ते परत चढू शकत नाही. पोहत कडेकडेनं फिरतं, शेवटी कोपऱ्यात दमतं आणि बुडतं. म्हणून सुटकेची वाट कोपऱ्यांत हवी, चारही कोपऱ्यांत.

- काथ्याची जाड जाळी किंवा जुन्या टायरांची दोरानं बांधलेली माळ, रुंदी किमान १ मीटर. नुसता दोर सोडू नका, खोकडाला तो धरता येत नाही.
- वरचं टोक बांधाबाहेर पुरलेल्या दगडाला किंवा लोखंडी खुंटीला बांधा. कागदाला भोक पाडू नका.
- खालचं टोक थेट तळापर्यंत. इथंच बहुतेक जण चुकतात. ऑक्टोबरात तळं काठोकाठ असतं म्हणून दीड मीटर जाळी पुरेशी वाटते. फेब्रुवारीत पाणी दोन मीटर खाली जातं आणि जाळी हवेत लोंबते.
- तळाला वजन म्हणून वाळूची पोती. दगडाच्या धारेनं कागद फाटतो.
- मासे धरायची जुनी नायलॉन जाळी वापरू नका, पाय अडकतो. तळ्यावर आडवी जाळी तर मुळीच नको, त्यात खंड्या आणि बगळे लटकून मरतात.

भोवती चार फुटी जाळीचं कुंपण असेल आणि त्याचा तळ फूटभर जमिनीत गाडलेला असेल तर उत्तमच. पण कुंपण आहे म्हणून कोपऱ्यातल्या जाळ्या काढू नका. घोरपड आणि साप कुठूनही आत जातात.

आता पाणवठा. ऑक्टोबरात ओढ्यात, डबक्यांत पाणी असतं, तेव्हा पाणवठ्यावर फारसं कुणी फिरकणार नाही. ‘पाणी ठेवलं तरी पक्षी येत नाहीत’ ही तक्रार नेहमी याच महिन्यात ऐकू येते. खरी गरज ओढा आटल्यावर, म्हणजे नोव्हेंबरअखेरपासून. पण बांधायचा आताच, म्हणजे पक्ष्यांना जागा ओळखीची होते.

बशीच्या आकाराचा करा. व्यास १२० सेंमी, मध्यभागी खोली १० सेंमी, कडेला शून्य. खड्डा १५ सेंमीचा घ्या, मुरूम टाकून धुमसा, त्यावर कोंबडीजाळी, त्यावर एकास चार सिमेंट-वाळूचा ५ सेंमी थर. पृष्ठभाग गिलाव्यासारखा गुळगुळीत करू नका, ओला असतानाच खराट्यानं ओरखडे ओढा. सात दिवस पाणी मारा. नंतर पहिली दोन-तीन भरणी ओतून द्या, कारण नव्या सिमेंटचं पाणी खारट-तुरट आणि दाहक असतं. एका भरणीला चाळीस-पन्नास लिटर लागतील. दोन दिवसांनी पाणी बदला, काथ्यानं घासा. फिनेल, साबण काही नको.

असे दोन करा. एक बोरीपासून चार-पाच मीटरवर: मुनिया, बुलबुल, वटवट्या यांच्यासाठी. झुडपाला चिकटून केलात तर मांजर आणि मुंगूस आतून झडप घालतात, फार दूर केलात तर हे पक्षी उघड्यावर येत नाहीत. दुसरा चरलेल्या माळाच्या मधोमध, आजूबाजूला काहीही नको. तो पखुर्डीसाठी. साधी पखुर्डी सूर्य वर आल्यावर दोन-तीन तासांनी पाण्यावर येते, आधी लांब उतरते, अंदाज घेते, मग चालत येते. रंगीत पखुर्डी अंधार पडता पडता. म्हणजे पहाटे पाचला जाऊन आठला परत येणाऱ्याला दोन्ही चुकतात.

मुरमाड_९

शेततळ्यातून गेल्या वर्षी ससा काढला होता, आता कारण कळलं. चारही कोपरे याच आठवड्यात करतो. झाडांचा बेत रद्द. कापणाऱ्याला दिवाळीच्या आधी ये म्हणून सांगितलंय.

आणखी दोन गोष्टी. संध्याकाळी उंच गवतावर पंख वर धरून तरंगणारे चार-पाच शिकारी पक्षी दिसतात, कमरेवर पांढरा डाग. हेच भोवत्या ना? आणि ओढ्याच्या दरडीत दोन ताजी बिळं आहेत, बाहेर माती उकरलेली. कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा) लावावा म्हणतो.

उत्तर : सांजभोवत्या

हो, भोवत्याच. पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून, गवतापासून दोन-तीन मीटरवर, डुलत जाणारा. घार किंवा तीसा असे उडत नाहीत.

कोणता भोवत्या हे ठरवताना आधी नर बघा, तो सोपा. माँटेग्यू भोवत्याच्या नराच्या राखाडी पंखावर वरून एक काळी आडवी रेघ असते आणि पोटाच्या बाजूला तांबूस फराटे. पांढुरक्या भोवत्याचा नर जवळजवळ पांढराच, पंखाच्या टोकाला फक्त काळी निमुळती पाचर. तुम्हाला दिसलेले पांढऱ्या कमरेचे तपकिरी ते माद्या किंवा यंदाची पिल्लं. यांच्यात फरक करणं अवघड आहे. मानेकडे बघा: गालामागे ठळक फिकट कंठपट्टी आणि तिच्यामागे गडद पट्टा असेल तर पांढुरका, कंठपट्टी जेमतेम असेल तर माँटेग्यू. प्रकाश पक्ष्याच्या पाठीमागून असेल तर नावच लिहू नका, ‘भोवत्या, मादी/पिल्लू’ एवढं पुरे. अंदाजानं भरलेल्या नोंदीपेक्षा अपुरी नोंद कामाची. कमरेवर पांढरं नसेल, अंग चॉकलेटी आणि डोकं लोण्याच्या रंगाचं असेल तर तो दलदली भोवत्या. हिप्परगा तलावाकडून तोही येऊ शकतो.

चार-पाच एकत्र आणि संध्याकाळी, म्हणजे तुमच्या गवतात मुक्कामाची जागा असण्याचा संभव आहे. हे माळावर वाटतं तितकं सर्रास नाही, तेव्हा नीट जपा. ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्यात पावणेसहाला. त्याच्या पाऊण तास आधी जाऊन बसा, गवतापासून किमान शंभर मीटर, आणि सूर्य पाठीशी ठेवून. उभे राहू नका. ते आधी जवळपासच्या उघड्या जमिनीवर उतरतात, मग अंधुक झाल्यावर एकेक करून गवतात जातात. मोजायचे ते गवतात शिरताना. वर घिरट्या घालणारे मोजले तर एकच पक्षी तीनदा मोजला जातो. अंधारात टॉर्च मारत आत जाऊ नका. दोनदा उठवले की ती जागा सोडतात.

दिवसा, ते गेल्यावर, मुक्कामाच्या कडेला त्यांनी ओकून टाकलेल्या करड्या गुठळ्या सापडतील. त्या फोडल्या तर नाकतोड्यांचे पाय आणि उंदरांची हाडं निघतात. ज्वारीवाल्या शेजाऱ्यांना त्या नेऊन दाखवा, भाषणापेक्षा लवकर पटतं. आणि गवतावर, बांधावर कीटकनाशक मारू नका. नाकतोडे संपले की भोवत्या दुसरीकडे जातात.

उत्तर : खोकडवाट

बिळाजवळ जाण्याआधी ते कुणाचं हे लांबून ठरवा. खोकडाचं बीळ साधारण वीतभर रुंदीचं असतं, एकमेकांजवळ दोन-तीन तोंडं असतात आणि बाहेरच्या विष्ठेत बोराच्या बिया, भुंग्यांचे चकचकीत पंख दिसतात. खोकड या दिवसांत जुनी बिळं साफ करतं. जोड्या डिसेंबर-जानेवारीत जमतात, पिल्लं त्यानंतर. तोंड माणूस शिरेल एवढं मोठं असेल, बाहेर हाडं-केस असतील, तर लांडग्याची शक्यता धरा. लांडग्याची पिल्लं याच हंगामात, नोव्हेंबर-डिसेंबरात होतात. मग कॅमेरा नाही, फेरफटका नाही, गावात चर्चाही नाही. बिळात धूर करणं, तोंड बुजवणं हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सर्रास होतं ते तेच. मेंढ्या रात्री उघड्यावर न ठेवता काटेरी वाघुरीत (कुंपणाच्या वाड्यात) घेतल्या तर बहुतेक भांडण मिटतं.

कॅमेरा बिळावर रोखू नका, बिळाकडे जाणाऱ्या पायवाटेवर लावा, बिळापासून तीस मीटर तरी दूर. खोकडासाठी उंची ३५-४० सेंमी, वाटेपासून तीन-चार मीटर, वाटेला काटकोनात नव्हे तर तिरका. तोंड उत्तरेकडे. पूर्व-पश्चिम ठेवला तर सकाळ-संध्याकाळ थेट ऊन भिंगात जातं आणि नेमके त्याच वेळचे फोटो पांढरे निघतात. समोरचं गवत दोन मीटरपर्यंत हातानं काढा. न काढता लावलेला कॅमेरा एका रात्रीत हजारभर हलत्या काड्यांचे फोटो काढून बॅटरी संपवतो.

ऑक्टोबरात आणखी एक भानगड आहे. सेन्सर उष्णतेतला फरक टिपतो. दुपारी हवा ३४-३५ अंशांवर आणि मुरूम त्याहून तापलेला असतो, तेव्हा जनावराचं अंग आणि मागची जमीन सेन्सरला सारखीच. समोरून काळवीट गेलं तरी फोटो येत नाही. म्हणून टायमर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ ठेवा. कॅमेरा बिघडलाय म्हणून परत करायला निघू नका. साध्या अल्कलाइन सेलऐवजी चांगले रिचार्जेबल घाला, फ्लॅश रात्रीही मंद पडत नाही.

काळविटांसाठी एकच: काटेरी तारेचं कुंपण असेल तर सगळ्यात खालची तार साधी करा आणि जमिनीपासून ४५ सेंमी वर घ्या. ती उडी मारण्यापेक्षा खालून जाणं पसंत करतात आणि पाठ फाटते. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर आपापल्या हद्दी धरून असतात. एकाच जागी लेंड्यांचा ढीग आणि खुरांनी उकरलेली माती दिसली की ती त्याची जागा. दोनशे मीटरवर गाडी उभी करून गाडीतच बसा. उतरलात की गेली.

जाताना घोट्याच्या वर जाणारे बूट आणि नायलॉनची पँट. सुती पँटीत कुसळं अर्ध्या तासात आतपर्यंत पोचतात. दगड उचलून बघायची हौस असेल तर काठीनं, हातानं नाही. या मुरमाड जमिनीत फुरसं आणि लाल विंचू दोन्ही असतात.

उत्तर : मालदांडी

सगळे माळाबद्दल बोलले, पण त्यांच्या दोन एकर ज्वारीचं कोणी विचारलं नाही. पक्ष्यांचं निम्मं काम तिथंच आहे.

पेरणी झाली नसेल तर १५ ऑक्टोबरच्या आत उरका. खोडमाशीसाठी बियाण्याला इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम हे कीटकनाशक लावलेलं असतं. पाभर (पेरणीचं अवजार) वळवताना धुऱ्यावर मूठ-मूठ बी उघडं सांडतं. तितर, होले आणि लावे नेमकं तेच टिपतात. आठ-दहा दाणे खाल्लेला लहान पक्षी शेतातून उडून दुसरीकडे जाऊन मरतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वळणावरचं बी खुरप्यानं माती ओढून झाका. उरलेलं बी पक्ष्यांना टाकू नका, रंग धुतला तरी औषध जात नाही.

भोरड्यांना आतापासून घाबरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या माळावर नाकतोडे खात फिरतात, तो तुमचा फायदाच. दाणे दुधात आले की मात्र कणसावर उतरतात. मार सगळ्यात जास्त बसतो तो शिवारात एकट्यानंच उशिरा किंवा लवकर पेरलेल्या तुकड्याला. शेजाऱ्यांच्या बरोबरीनं पेरलं तर नुकसान वाटलं जातं. बुजगावणं तीन-चार दिवस चालतं, चमकत्या फिती आठवडाभर, गोफण माणूस असेल तोवर.

आणि ‘तरवड’ यांचं सगळं मान्य, पण अडीच एकर उभं गवत ठेवा म्हणणं सोपं आहे. चारा विकून खर्च भागवणाऱ्याला ते जड जातं. दीड एकर सलग ठेवलं तरी चालेल, तुकडे मात्र करू नका.

तरवड

दीड एकर सलग, मान्य. फक्त ते भोवत्यांचा मुक्काम जिथं आहे तिथलंच असू द्या. ‘मुरमाड_९’, कापणाऱ्याला आत सोडण्याआधी दोन संध्याकाळी बसून ते कुठं उतरतात ते बघा आणि त्या पट्ट्याच्या चार कोपऱ्यांना चुन्यानं रंगवलेले दगड ठेवा. सुतळी बांधू नका, पहाटे उडताना भोवत्या तिच्यात अडकतील. शेतावर राखणीची कुत्री मोकळी असतील तर रात्री बांधा. कोंबडीचं उरलंसुरलं ओढ्यात टाकणं बंद करा, नाहीतर गावची भटकी कुत्री त्या बिळांपर्यंत पोचतील.